जमिनीवरचा भात

“देवाचं आहे, तर मग जमिनीवर का ठेवता?” प्रमिलाने विचारलं.

“देवाचं आहे असं तुला कोणी सांगितलं?” जेरो मांगकू म्हणाली.

प्रमिला गप्प झाली. माझी बायको सहसा गप्प होत नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेली बाई. समोरच्याला गप्प करायची सवय, स्वतः व्हायची नाही. मी जरा सरसावून बसलो.

आधी ठिकाण सांगतो. बाली बेट, इंडोनेशिया. डोंगराच्या पायथ्याचं एक गाव आणि भोवती भाताची खाचरं. ऑस्ट्रेलियातले, हॉलंडातले, कुठकुठले निवृत्त लोक इथं घर भाड्याने घेऊन राहतात. सकाळी योगा करतात, दुपारी नारळपाणी पितात आणि संध्याकाळी एकमेकांना सांगतात की आपण किती बदललो.

त्यात आम्ही दोघं माण तालुक्यातले. मी अंकुश धायगुडे, हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो. मला बदलायचं नव्हतं. मी साहेबांबरोबर आलो. घरात मी प्रमिलाला साहेबच म्हणतो. चेष्टेत सुरू झालं, मग तोंडात बसलं.

यायचं कारण झोप. आम्ही आधी एकदा सहलीला आलो होतो, तेव्हा प्रमिलाला इथं अशी झोप लागली की मी घाबरून दोनदा उठवलं. गावी परतल्यावर झोप पुन्हा गेली. मग तिने ठरवलं, जिथं झोप लागते तिथं राहायचं. तिने ठरवलं म्हणजे ठरलं.

सहा महिने झाले आणि झोप इथूनही गेली.

आता जेरो मांगकू. मांगकू म्हणजे देवळाची पुजारीण आणि जेरो हा मान. तिच्याच आवारातलं मागचं घर आम्ही भाड्याने घेतलेलं. सत्तरी ओलांडलेली, पानाने तोंड लाल, अंगावर मांस नाही. पण ताठ इतकी, की तिच्याशेजारी मी पी.टी.मास्तर असून वाकडा दिसतो. गावात तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तोरा म्हणाल तर आमच्या साहेबांहून चार बोटं वरच.

अशा दोन बाया एका आवारात. विचार करा.

भाषेचं म्हणाल तर प्रमिला यायच्या आधीच क्लास लावून इंडोनेशियन शिकली, मी बाजारात शिकलो. बोलणं सगळं त्या भाषेत झालं, मी आपल्यात लिहितोय.

तर प्रमिला पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे गेली होती. म्हणाली, “मला शिकवा.”

“काय?”

“शांती.”

“ती माझ्याकडे नाही. भात आहे, जेवणार का?”

प्रमिला म्हणाली, “मी सगळं सोडून आले आहे. बंगला, सरकारी गाडी, पट्टेवाले, मान. सगळं मागे टाकलं.”

म्हातारीने तिच्याकडे खालून वर पाहिलं.

“टाकलंस ते कोणाच्या अंगावर पडलं, ते पाहिलंस का?”

प्रमिला तडक उठून आली. दोन दिवस तिने म्हातारीचं नाव काढलं नाही. मला मात्र म्हातारी आवडली.

आणि मग हे भाताचं प्रकरण.

रोज सकाळी जेरो आमच्या फाटकासमोर जमिनीवर एक पानाचा तुकडा ठेवायची. त्यावर मूठभर भात, कांद्याची फोड, आल्याचा तुकडा, मीठ. वरून दारूचे चार थेंब.

आता आमच्या माणदेशात दारात असा भात दिसला तर त्याचा एकच अर्थ होतो. उतारा. कोणीतरी स्वतःची पीडा आपल्या दारात आणून टाकली.

प्रमिला असलं मानत नाही. पण असलं दारात ठेवलेलंही तिला खपत नाही. पहिल्याच दिवशी तिने झाडू घेतला. “अंधश्रद्धा माझ्या दारात चालणार नाही,” म्हणाली आणि भात गटारात लोटून दिला.

जेरोने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भात. पुन्हा झाडू. दोघी हट्टाला पेटल्या.

शेवटी मी बाजारात एका भाजीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, छे हो, उतारा कसला, तो नैवेद्य.

हे ऐकल्यावर प्रमिलाचा चेहरा उतरला. “नैवेद्य मी गटारात टाकला?” इतकंच म्हणाली. आमच्या साहेबांचं एक आहे. चूक कळली की कबूल करतात. आणि मग दुरुस्ती अशी करतात की मूळची चूक बरी वाटावी.

दुसऱ्या दिवसापासून ती आंघोळ करून फाटकापाशी उभी राहायला लागली. जेरो भात ठेवून गेली की ही दोन्ही हातांनी तो उचलायची आणि कुंपणाच्या भिंतीवर, पार वरच्या कोनाड्यात ठेवायची. शेजारी जास्वंदीचं फूल. कुत्र्या-मांजराचं तोंड लागणार नाही, कोणाचा पाय पडणार नाही. ठेवून झालं की माझ्याकडे बघायची, बघा, असं.

जेरोने तेही पाहिलं. आणि त्या सकाळी ती स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिथूनच मी सुरुवात केली.

“देवाचं नाही, तर कोणाचं?” प्रमिलाने विचारलं.

जेरोने बोट जमिनीकडे केलं.

“खालच्यांचं.”

“खालचे म्हणजे?”

“उपाशी. चिडलेले. हाकलून दिलेले. वरच्यांना मी वर देते, फुलं घालून देते. हे यांचं.”

“म्हणजे भुताखेतांचं.”

“नाव तू ठेव. नावं ठेवायची तुला सवय आहे.”

मला हसू आलं. प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं, ते गेलं.

“वाईटांना जेवू घालायचं?” ती म्हणाली. “मी आयुष्यभर वाईट वागणाऱ्याला शिक्षा दिली. आणि आता म्हातारपणी त्याच्या दारात ताट वाढू?”

“तुझ्या दारात,” जेरो म्हणाली. “ते तुझ्या दारात येतात.”

…

“उद्या दुपारी जेवायला या,” असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आवाराच्या मधोमध तिच्या धान्याची कोठी आहे. चार उंच खांबांवर उभी, वर गवताचं छप्पर, चढायला बांबूची शिडी. कोठीखाली चटई अंथरलेली. भात, ओलं खोबरं घातलेल्या शेंगा, तळलेलं काहीतरी, तिखट चटणी. वासानेच भूक लागली.

जेरोने एक ताट माझ्या हातात दिलं. एक स्वतःपुढे ठेवलं. तिसरं भरलं, नीट भरलं, माझ्यापेक्षा जास्त वाढलं. आणि ते एका हातात धरून ती शिडी चढायला लागली.

मी म्हटलं, “अहो, पडाल.”

ती पडली नाही. वर कोठीच्या दारात ताट ठेवलं, खाली आली, शिडी काढली आणि प्रमिलाच्या पायांशी आडवी टाकली. मग मांडी घालून बसली.

“जेव,” ती प्रमिलाला म्हणाली.

प्रमिलाने वर पाहिलं.

“माझा हात पोचत नाही.”

“आमच्या घरात त्याच्याहून उंच जागा नाही. तुला मान दिलाय.”

“मानाने पोट भरतं का?”

बोलून गेली आणि थबकली.

…

म्हातारी जेवत होती. माझा घास हातातच राहिला. आता बायको उपाशी उभी असताना गिळायचं कसं. मी हळूच म्हणालो, “अगं, शिडी आहे की तिथं. लाव आणि घे.”

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

हे मला अपेक्षितच होतं. तिला शिडी दिसत होती. तशी ती लावता आलीही असती. पण लावली असती तर ती प्रमिला कसली. ती तशीच ताठ उभी राहिली, ऊन कोठीच्या छपरावरून सरकून तिच्या तोंडावर आलं तरी. खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. अभिमानच वाटला. हिने कधी कोणासाठी मान खाली घातली नाही, मंत्र्यासाठी नाही आणि माझ्या आईसाठीही नाही.

जेरो पाणी प्यायली.

“तुझ्या दारातले रोज असेच उभे असतात,” ती म्हणाली. “भिंतीकडे बघत.”

प्रमिलाने साडी सावरली आणि खाली बसली. चटईवर नाही, मातीत. गुडघे कडकडले, मला ऐकू आले. लग्नाकार्यात पंगतीला बसायचं म्हटलं की खुर्ची मागणारी बाई.

“एक जण आहे,” ती म्हणाली.

जेरोने ताट बाजूला सारलं.

“हणमंत नाव. सख्ख्या भावाला मारलं. शेताच्या बांधावरून. कुऱ्हाड सापडली, साक्षीदार होते, सगळं होतं. मी जन्मठेप दिली. वरच्या कोर्टात अपील झालं, तिथंही टिकलं. निकाल बरोबर होता.”

“मी विचारलं नाही.”

“बरोबर होता,” प्रमिला पुन्हा म्हणाली.

“बरं.”

“त्याची आई रोज यायची. मागच्या बाकावर बसायची. शिक्षा सुनावली तेव्हा ती उठून उभी राहिली. मला वाटलं, रडेल. शिव्या देईल. त्याची मला सवय होती. तर ती म्हणाली…”

इथं प्रमिला थांबली. आणि पुढचं ती मराठीत म्हणाली, त्या माउलीच्याच बोलीत.

“बाईसाहेब, त्याला भूक सोसत न्हाई. तिथं पोटभर मिळंल न्हवं?”

मग तेच तिने जेरोला तिच्या भाषेत सांगितलं. मराठीत सांगताना आवाज हलला होता. दुसऱ्यांदा हलला नाही.

“तू काय म्हणालीस?” जेरोने विचारलं.

“पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.”

…

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्या घरात कोर्ट कधी आलं नाही, तिची शिस्तच होती ती. एवढी वर्षं एका छताखाली काढली आणि हणमंताची आई आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसलेली होती, हे मला माहीत नव्हतं.

“तो आत वारला,” प्रमिला म्हणाली. “काविळीने. मी पेपरात वाचलं. आईचं पुढं काय झालं माहीत नाही. मेलेलाही तिचाच होता, मारणाराही तिचाच. दोन्ही गेले.”

“आणि तुझी झोप?”

“झोपेत ती येते. काही म्हणत नाही दुसरं. तेवढंच विचारते. आणि मी रोज पुढचं प्रकरण पुकारते.”

जेरोने पानाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला.

प्रमिलाने मान वर केली. मातीत बसूनही खुर्चीत बसल्यासारखी बसली.

“मी माफी मागणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही तेच सांगणार असाल तर आत्ताच सांगते. माफी मागितली तर निकाल खोटा ठरेल. ज्याला कुऱ्हाडीने तोडलं, त्यालाही कोणीतरी हवं होतं. त्याच्या बाजूने मी उभी राहिले. त्याची मला लाज नाही.”

आहे ही अशी आहे, मनात म्हटलं, आणि माझी आहे.

“माफीचं कोण बोललं?” जेरो म्हणाली. “तुझा निकाल तुझ्याजवळ ठेव. मी भाताचं बोलतेय.”

“त्याने काय होणार? तो मेला.”

“तिने तुला निकाल विचारला होता का?”

प्रमिलाचं तोंड उघडलं. साहेबांना उत्तर सुचलं नाही, हे मी दुसऱ्यांदा पाहत होतो, आणि दोन्ही वेळा समोर हीच म्हातारी.

“नाही,” शेवटी ती म्हणाली. “निकाल तिने विचारलाच नव्हता.”

जेरो उठली. केळीचं पान फाडून तिने एक चौकोनी तुकडा केला आणि प्रमिलाच्या हातात दिला. भाताचं पातेलं पुढे सरकवलं. स्वतः हात लावला नाही.

प्रमिलाने भात घेतला. एक मूठ घेतली, मग थोडा विचार करून अजून एक घेतली. वर कांदा, आलं, मीठ ठेवलं. ती उठली आणि फाटकाकडे गेली, आम्ही मागून. फाटकापाशी तिचा हात सवयीने भिंतीवरच्या कोनाड्याकडे गेला. अर्ध्यात थांबला.

ती वाकली. गुडघा टेकवून, एक हात जमिनीवर रोवून, हळूहळू. मी धरायला पुढे झालो तर जेरोने मला दंडाला धरून मागे ओढलं. पकड चांगली होती म्हातारीची.

“काय म्हणायचं?” प्रमिलाने वर न बघता विचारलं. “मंत्र?”

“नाव ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग झालं.”

प्रमिलाने पान जमिनीवर ठेवलं. कोर्टात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ जायचा, लोक सांगायचे. इथं मी दोन हातांवर उभा आणि मला कान द्यावा लागला.

“हणमंता,” ती म्हणाली. “ज्येव बाबा. पोटभर ज्येव.”

…

आवारातला तांबडा कुत्रा कधीचा वाट बघत होता. तो आला, दोन घासांत भात संपवला, पान चाटलं, आल्याचा तुकडा तेवढा ठेवला. प्रमिलाचा हात त्याला हाकलायला वर झाला होता. तो तिने तसाच खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

मी मुलांना पळवून पळवून रडवणारा माणूस. माझ्या डोळ्यांत काही येत नाही. पण त्या दिवशी मी उगाच फाटकाची कडी बघत बसलो, नीट लागते का म्हणून.

प्रमिला उठली. साडीची माती झटकली नाही. जेरोसमोर उभी राहिली, दोघी सारख्याच ताठ, आणि मला त्या क्षणी दोघींत फरक करता आला नसता.

“निकाल बरोबर होता,” प्रमिला म्हणाली.

“असेल,” म्हातारी म्हणाली. “तुझं जेवण गार झालं.”

शिडी प्रमिलानेच उचलली. मी फक्त खाली धरली. तिने वरून ताट आणलं, माझ्याशेजारी चटईवर बसली आणि सगळं जेवली. पुन्हा भात मागून घेतला. जेरोनेही वाढताना हात आखडला नाही.

हात धुताना मात्र साहेब जागे झाले. साहेबांना प्रत्येक गोष्टीची मुदत लागते. शिक्षा म्हटली की किती वर्षं, जामीन म्हटला की किती तारखेपर्यंत.

“हे मी उद्यापासून रोज ठेवीन,” ती म्हणाली. “पण असं किती दिवस ठेवायचं?”

जेरोने तिच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं. सगळं पाणी संपेपर्यंत ओतलं.

“तू किती दिवस जेवणार आहेस?”